डंकासमोर बसायला या

माझ्या थोरल्या दिरांचा देवावर विश्वास आहे, डॉक्टरवर बराचसा आहे, वेधशाळेवरसुद्धा थोडाफार आहे; पण डंकासमोर न बसणाऱ्या गिऱ्हाइकावर मात्र काडीचा नाही. भाऊजींचा डोंबिवलीत मसाला कुटायचा डंक आहे. मसाला पाकिटातच जन्माला येतो अशी ज्यांची समजूत आहे त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळ्यात बायका मिरच्या वाळवून, धणे नि खडा मसाला भाजून पिशव्या भरून डंकावर आणतात, आणि लोखंडी मुसळं धाडधाड पडायला लागली की समोरच्या बाकावर ठाण मांडून बसतात. नजर हलवायची नाही. हलवली की आपल्या ब्याडगीत शेजारणीची लवंगी मिसळणार, मूठभर मसाला उखळातच राहणार, अशी त्यांची पिढीजात खात्री. दुसऱ्या एखाद्याला हा संशय झोंबला असता, भाऊजींना तो मानाचा वाटतो. "जिला आपल्या मसाल्याची किंमत आहे ती समोर बसणारच," असं त्यांचं म्हणणं. एकदा एक बाई "आलेच हं" म्हणत पिशवी ठेवून भाजी आणायला गेल्या, तर यांनी डंकच बंद केला. मागची रांग खोळंबली, कुरकुरली, तरी हे ढिम्म. बाई मेथीची जुडी घेऊन परतल्या तेव्हा ओरडा त्यांनाच बसला. "असा वाऱ्यावर टाकून जातात का मसाला?" बाई बिचाऱ्या मेथी मांडीवर घेऊन शेवटपर्यंत गुपचूप बसल्या.

मे महिन्यात भाऊजींच्या भुवया तांबड्या होतात त्या थेट गौरी-गणपतीपर्यंत तशाच राहतात. ते लग्नाला आले की आजूबाजूच्या खुर्च्यांवरची माणसं शिंका देत उठतात आणि यांना वाटतं, हल्ली लोकांच्या प्रकृतीच नाजूक झाल्यात. स्वतः ते शिंकत नाहीत. डंकावर आलेल्या प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाव कुठलं?" त्या गावात एखादा तरी ओळखीचा निघाल्याशिवाय मुसळ उचललं जात नाही. गावात नाही निघाला तर ते शेजारच्या गावात शिरतात, तिथून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला. एकदा एक बाई थेट नागपूरकडच्या निघाल्या. भाऊजींची अवस्था बघवेना. शेवटी आपला एक वर्गमित्र पूर्वी तिकडे बदलीवर होता हे आठवलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला आणि मिरच्या उखळात पडल्या. मात्र एक सांगायला हवं, की कुणाच्याही प्रमाणाला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. कुणी दगडफूल दुप्पट घालो, कुणी हिंग विसरो, "ज्याच्या घरची चव त्याला गोड," म्हणतील आणि कुटून देतील.

स्टेशनाजवळची त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली, डंक मानपाड्याच्या एका गाळ्यात आला, आणि साडेसाती लागली. जुन्या बायकांना गाळा सापडेना. ज्यांना सापडला त्यांना तिथवर रिक्षा करणं जिवावर येई. उरलेल्यांच्या घरी सुनांनी पाकिटं आणायला सुरुवात केली होती. ऐन हंगामात बाक रिकामा, आणि भाऊजी त्याच्यासमोर गालाला हात लावून बसलेले. शेवटी माझ्या जाऊबाईंनी एके दिवशी जेवताना स्पष्टच सांगितलं, "हा उन्हाळा बघायचा. बाक असाच राहिला तर डंक भंगारात घालायचा आणि गावाला जाऊन राहायचं. उगाच भाडं भरत बसायला मी काही धनाढ्य लागून गेले नाही." भाऊजींचा घास हातातच राहिला. तो डंक त्यांच्या वडिलांनी बसवलेला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, तू लोकांच्या वेबसाइटा करतेस ना? मग घरच्यांनी काय घोडं मारलंय?"

मी घरबसल्या लहान दुकानदारांच्या वेबसाइट करते. कुणाची रखडत उघडते, कुणाचा पत्ताच जुना असतो, ते सगळं मार्गी लावते. गिऱ्हाईक यावं कसं आणि त्याचा भरवसा बसावा कसा, यावर मी अगदी ठाण्यातल्या खोपटच्या चष्मेवाल्यापासून कल्याणच्या पतंगवाल्यापर्यंत सगळ्यांना उपदेश केलेला. पण भाऊजींसारखा दुकानदार मला अजून भेटायचा होता. पहिल्याच पानावर मी एक विकतचा फोटो टाकला होता, गोरीपान हसरी बाई, हातात मसाल्याचा चमचा. भाऊजींनी चष्मा पुसून तो पाहिला. "ही कोण?" मी म्हटलं, "मॉडेल आहे, भाऊजी." "कधी आली होती आपल्याकडे?" आली नव्हती, म्हणून तिला पानावरून हटवलं. मग खऱ्या गिऱ्हाइकांचे फोटो काढले. मिरचीच्या खकाण्यात उभं राहून फोटो काढायचा म्हणजे प्रत्येकीचा पदर नाकातोंडावर. वेबसाइट उघडली की दरोडेखोरांच्या टोळीने दुकान फोडल्यासारखं दिसे. भाऊजी मात्र खूष. "खऱ्या मिरचीचा याहून काय पुरावा हवा?"

नंतर त्यांची नजर मोबाइल नंबर विचारणाऱ्या चौकटीवर गेली. "दारात पाय ठेवला नाही तो नाव-नंबर? ही काय पोलीस चौकी आहे?" तिथे त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, 'या, बसा. गाव कुठलं?' एका बाईंनी पाच तारे देऊन भरभरून कौतुक लिहिलं, तर यांनी त्यांना फोन लावला. "मागच्या वर्षी तुमच्या मसाल्यात मीठ जरा जास्त पडलेलं, ते नाही लिहिलंत. तेपण लिहा." कळस म्हणजे सोमवार. आमच्याकडे सोमवारी बाजाराला सुट्टी. "दुकानाला शटर आणि वेबसाइट सताड उघडी? लोक काय म्हणतील?" शेवटी मी दर सोमवारी पहिल्या पानावर शटरचं चित्र लावायला लागले. माझ्या धंद्यातल्या कुणी ते पाहिलं असतं तर मला वाळीतच टाकलं असतं.

गंमत अशी की लोक येऊ लागले. 'गाव कुठलं?' या प्रश्नाला माणसं खरोखरच उत्तर देत. कुणी संगमेश्वरची, कुणी पाटणची. भाऊजी दुपारभर एका बोटाने टाइप करत ओळखी काढत बसत. पण गप्पा मारून सगळे निघून जात, मसाल्याचं नाव काढत नसत. त्यात नवल ते काय? बाकावर बसून मसाला कुटून घेणाऱ्यांच्या या लेकी-सुना, न बघितलेला मसाला घेतीलच कशाला? अर्धा हंगाम असा गेला. जाऊबाईंनी भंगारवाल्याला येऊन वजनाचा अंदाज घ्यायला सांगितलं.

त्याच आठवड्यात दिवा गावाहून एका सुनेचा मेसेज आला. सासूबाई दरवर्षी तुमच्याकडे यायच्या, आता गुडघे गेलेत आणि आमची लिफ्ट कायम बंद. पाकिटातला मसाला त्या ताटात घेत नाहीत, आणि डोळ्यांसमोर कुटला नाही तर तुमचाही घेणार नाहीत. काय करू? भाऊजींनी नाव न विचारता ओळखलं. या आगरी आजी. त्यांच्याच भातशेतीवर उठलेल्या टॉवरात नवव्या मजल्यावर राहत होत्या आणि मिरची कानाशी हलवून ती नीट वाळली का ते सांगत. मी सुचवलं, व्हिडिओ कॉल करू. भाऊजींनी विचार केला, आजींच्या प्रमाणाने सगळं सामान स्वतःच आणलं, बाक फडक्याने स्वच्छ पुसला, आजी बसायच्या त्याच कोपऱ्यात डब्याला टेकवून फोन उभा केला आणि डंक सुरू केला. पडद्यावर आजींचं अर्धं कपाळ उगवलं आणि आवाज आला, "अरं, बाजूला सर, तुजा पोटच दिसतंय! मना मुसल दिसू दे." भाऊजी लगबगीने सरकले. मग देठं काढलीस का, हलद कुठं हाय, चालनीत काय रायला, असा हुकमांचा सपाटा. शेवटची चाळण झाल्यावर आजी म्हणाल्या, "हां. आता ह्यो माजा मसाला." भाऊजी इतके उजळले होते, की मी त्यांना तसं अनेक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'डंकासमोर बसायला या, घरबसल्या.' ज्याचा मसाला त्याच्याकडून प्रमाण घेऊन वेळ ठरवून दिली, सामान भाऊजींनी आणलं, फोन बाकावर ठेवला. ठाण्याच्या बायका बसल्या, कल्याणच्या बसल्या, ऑफिसात जेवणाचा डबा खाता खाता बसल्या. बसलेल्यांनी आपल्या बहिणींना सांगितलं. बाकावर माणूस नव्हतं पण फोनला उसंत नव्हती. भंगारवाला वजन करायला आला तर जाऊबाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला. दिव्याच्या आजींचं काम केव्हाच झालेलं, तरी त्या रोज यायच्या. दुसऱ्यांचा मसाला बघायच्या, त्यांच्या मिरच्यांना नावं ठेवायच्या. एका दुपारी बघता बघता त्यांना डुलकी लागली. जाऊबाई ताट वाढून हाका मारताहेत, आणि भाऊजी खालच्या आवाजात म्हणताहेत, "गिऱ्हाईक बसलंय गं. कसा उठू?" भात गार झाला तो झालाच.

पुढच्या उन्हाळ्यात हंगाम धो धो आला. पण आता मेसेज वेगळे होते. 'दाखवायची गरज नाही.' 'तुम्ही कुटलात म्हणजे बघायचं काय?' 'पूर्ण विश्वास आहे.' मी हरखून गेले. एवढ्यासाठी तर माझे दुकानदार वर्षानुवर्षं धडपडतात! भाऊजींनी ते मेसेज वाचले आणि फोन उपडा ठेवला. "विश्वास आहे म्हणतात," ते म्हणाले, "आणि कुणी थांबतच नाही." मी हसण्यावारी नेलं. मग दिव्याच्या सुनेचा मेसेज आला. सासूबाई फाल्गुनात गेल्या. त्यांच्याच प्रमाणाने मसाला हवाय. व्हिडिओ नको, मी कामावर असते, तुम्ही कराल ते बरोबरच असेल.

त्या मसाल्याच्या दिवशी मी घरी काम करत होते. फोनवर सूचना आली, की डंकासमोरचा कॉल सुरू झालाय. चुकून लागला असेल म्हणून मी बघायला उघडला. चुकून नव्हता. भाऊजी एकटेच होते. मुठीमुठीने मिरच्या उखळात टाकत होते, मधेच थांबून चाळणी फोनसमोर धरत होते, त्यात काय राहिलंय ते सांगत होते. समोर कुणी नव्हतं. मी ज्यांना एकदाही प्रत्यक्ष भेटले नव्हते त्या आजींची मला फार आठवण आली. तेवढ्यात त्यांना पडद्यावर कुणीतरी असल्याचं दिसलं असावं. चष्मा वर करून ते जवळ आले.

"कोण बसलंय?"

"मी आहे, भाऊजी."

"तुला काम नाही का?"

"आहे की."

"मग?"

"बसते जरा," मी म्हटलं.

त्यांनी भुवयांवरचा मसाला बाहीने पुसला, थोडे बाजूला झाले, आणि मुसळं पुन्हा पडायला लागली. शेवटची चाळण होईपर्यंत मी जागची हलले नाही.