इर्शादच्या वहीतला शेवटचा प्रश्न

इर्शादच्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, स्टँडसमोर रिक्षाची वाट बघत उभा होतो. "भाई गेला," एवढंच तो म्हणाला. हार्ट अटॅक. एकेचाळिसाव्या वर्षी. खोटं कशाला बोलू, मला आधी आठवलं ते त्याच्याशी झालेलं माझं शेवटचं बोलणं… रडू नंतर आलं.

आम्ही दोघं बारा वर्षं एका कंपनीत कंपायलरवर काम करत होतो. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा हा प्रोग्राम. त्यातला आमचा भाग लूपचा. एखादं काम हजार वेळा करायचं असेल, तर दर फेरीला न बदलणारं गणित लूपबाहेर काढून एकदाच उरकायचं, म्हणजे वेळ वाचतो. हा कोड जुना, ठिगळं लावलेला; त्याचं वागणं न बदलता तो नव्यानं रचायचं काम इर्शादकडे होतं. तो मिरजेच्या सतारी बनवणाऱ्या घरातला. त्याचे अब्बा जवारी काढताना, म्हणजे तारेची आस खुलवताना, तारांखालच्या घोडीवर कानस हलकेच फिरवतात, तार छेडून ऐकतात, मग पुन्हा कानस. इर्शादचंही तेच. चार ओळी हलवायच्या, सगळ्या चाचण्या चालवायच्या, वहीत टिपायचं, मगच पुढच्या चार ओळी. मी कातावलो की म्हणायचा, "दमानं गड्या. जास्त घासलं की परत भरता येत न्हाई."

मी टीमचा प्रमुख, वरून तगादा. एका मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत मी म्हणालो, "इर्शाद, ही कंपनी आहे, तुझ्या अब्बांचं सतारीचं दुकान नव्हे." काम काढून घेतलं आणि उरलेलं दोन दिवसांत स्वतः उरकलं. चाचण्या पास झाल्या, तेव्हा वर फुशारकीही मारली. तो फक्त "बरं" म्हणाला होता. त्यानंतर आमचं बोलणंच झालं नाही. तीन आठवड्यांनी तो गेला.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला मिरजेला गेलो. अब्बा दुकानात एकटेच बसले होते. "आवं, तुमीच का त्ये सातारचे? लय नाव काढायचा तुमचं. म्हनला, सायबांनी त्ये काम काढून मला आनखी मोठं काम दिलंय." मोठं काम वगैरे मी काहीच दिलं नव्हतं. त्यांनी त्याची वही माझ्या हातात ठेवली. "त्याचं आधीचं काम झालं का वो पुरं?"

"व्हय चाचा," मी म्हणालो.

परतताना एसटीत वही उघडली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं : 'भागाकार बाहेर काढायचा, पण एकही फेरी होणार नसेल तर?' नेमकं तेच मी तपासलं नव्हतं. जिथं लूप चालायचाच नाही, तिथंही माझ्या कोडनं भागाकार आधीच करून ठेवला होता, आणि शून्यानं भागायची वेळ आली की प्रोग्राम कोसळत होता. त्याच आठवड्यात तशी तक्रार आली होती, आणि चूक कुठं आहे ते मला सापडत नव्हतं.

माझं सगळं काम मी पुसलं. इर्शाद थांबला होता तिथून पुन्हा सुरू केलंय. चार ओळी, मग चाचण्या, मग त्याच्याच वहीत नोंद. अजून निम्मंही झालेलं नाही… चाचांना मी 'व्हय' म्हणून आलोय.