वाडीच्या खोलीतलं खारं पाणी

आधीच सांगून ठेवते, मी भूत, चकवा, करणी असलं काही मानणारी बाई नाही. छप्पन साली माझ्या वडलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत शिरवले, आणि देवांसोबत अंगात येणं, उतारे टाकणं सगळंच शिरवलं. मी तेव्हा परकरी पोर. तेव्हापासून कोणी भुताची गोष्ट काढली की मी म्हणते, "बरं, चहा घेता का?" तुम्ही सगळे इथे आपापले अनुभव लिहिता, ते मी वाचते, कधी हसतेही... रागावू नका. पण एक गोष्ट माझ्याजवळ आहे, तिच्यावर मला हसता येत नाही.

आमचे हे, म्हणजे मधुकर, इंजिनाचे मिस्त्री. लग्न झाल्यावर नोकरीसाठी अंदमानात गेले आणि मलाही नेलं. नागपूरची पोर मी, अंबाझरीचा तलाव म्हणजे माझा समुद्र! पोहता येत नव्हतं, आजही येत नाही. तिथे यांना एक मोडकी शिडाची बोट मिळाली, कोण्या परदेशी माणसाने किनाऱ्यावर टाकून दिलेली. रात्रंदिवस खपून यांनी ती उभी केली, नोकरी सोडली आणि मला म्हणाले, "चाल वं सुमन, आपलं घर तयार आहे."

ती आमची ‘चिमणी’. सत्तरच्या दशकातली ती वर्षं आम्ही तिच्यावर काढली. लाँग आयलंड, मायाबंदर, डिगलीपूर, या बेटावरून त्या बेटावर. हे लोकांची इंजिनं, पंप दुरुस्त करायचे. मी हाताच्या मशीनवर ब्लाउज, झबली शिवायची. बायका मासे द्यायच्या, पपया, नारळ द्यायच्या. उभं राहिलं की डोकं आपटायचं, एवढंसं घर. पण त्यात सासू नव्हती, भिंत नव्हती, आणि "तुम्ही कोणाचे?" असं विचारणारं कोणी नव्हतं. लेकरू झालं नाही मला. तिथे ते कोणी विचारलंही नाही.

चिमणीत एकच खोड होती. तळाजवळची एक फळी जुनी होती, ती झिरपायची. रोज सकाळी चहाच्या आधी मी लाकडी बादलीने बोटीच्या पोटातलं पाणी उपसायची. हे वरूनच विचारायचे, "किती वं?" मी बोटं मोजून सांगायची, "तीन बोटं!" मग हे स्टोव्ह पेटवायचे. आमच्या दिवसाची सुरुवातच ती. लोक उठून देवाला नमस्कार करतात, आम्ही पाणी मोजायचो.

मग तार आली. सासूबाईंना लकवा झाला. बोट लाँग आयलंडच्या खाडीत नांगरली आणि निताई नावाच्या बंगाली मच्छीमाराला सांगितलं, "रोज पाणी काढत जा, आम्ही दोन महिन्यांत येतो." निघताना मी ती बादली सोबत घेतली. का घेतली? काही नाही हो, कपडे भरायला.

नागपुरात वाडीला, अमरावती रोडवर, माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, राहायचे. पुढे ट्रकचं गॅरेज, मागे भाड्याच्या खोल्या. त्यातली एक आम्हाला मिळाली. दिवसभर ट्रकचे भोंगे आणि डिझेलचा वास. सासूबाईंचं मी सगळं केलं. पावसाळ्यात त्या गेल्या. मी म्हटलं, आता निघू.

हे म्हणाले, "दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली. "आता गॅरेजात काम लय आहे, होळी होऊ दे." हे गॅरेजात रमले होते. भावाचा मान, संध्याकाळी चौकातलं पान, डोक्यावर पंखा. पोट सुटायला लागलं होतं. मला ते दिसत होतं, पण दिसलं तरी बाई काय करते? पुढच्या सणाची वाट पाहते.

बादली खुंटीला टांगलेली होती. नागपूरच्या उन्हाने तिच्या फळ्या इतक्या सुकल्या होत्या की फटींमधून आरपार उजेड दिसायचा. दिवाळीनंतर एका सकाळी पाहते तर बादली जड लागली. आत पाणी... तीन बोटं. फटी तशाच, आणि पाणी गळत नाही.

मी यांना म्हटलं, "तुम्ही भरली का बादली?"

"मी काहून भरू? तुह्या जाऊबाईनं ठेवलं असन."

मी पाणी अंगणात फेकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. तिसऱ्या दिवशी बोट बुडवून जिभेला लावलं. खारं! आणि मिठाच्या डब्यातलं खारं नाही हो... समुद्र ज्याने चाखला आहे त्याला फरक कळतो. मला वाटलं, कोणी माझी गंमत करतं. मी बादली टिनाच्या पेटीत ठेवली आणि कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली. सकाळी पेटी उघडली तर तीन बोटं पाणी, आणि पेटी कोरडी ठणठणीत.

चहा देताना मी यांना नुसतं म्हटलं, "तीन बोटं."

यांचा हात थांबला. बशीतला चहा तसाच. मग म्हणाले, "तुले अजून बोटच दिसून राहिली सगळीकडे. डोक्याले तेल लाव जरा."

त्यानंतर मी कोणाला सांगितलं नाही. रोज उठायचं, बादली रिकामी करायची, मग चहा. मनात एकच धरून बसले, मी इथे उपसते आहे तोवर ती तिथे तरंगते आहे. वेडेपणा म्हणा. माझं घर होतं ते, दुसरं मला कुठे होतं?

पाणी मोगऱ्याच्या आळ्यात जायचं. मोगरा वाळला. जाऊबाई कडाडल्या, "कोनतं पानी टाकतं वं माह्या मोगऱ्याले? समुद्राकाठची राणी आली, अन् माह्या झाडाचा जीव घेतला!"

"उन्हानं वाळला असन, बाई."

"हो, ऊन फक्त माह्याच झाडावर पडते!"

वैशाखात, बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास, माझ्या भावाच्या पोरीचं लग्न निघालं पारशिवनीला. जाणं भाग होतं. हे म्हणाले, मला गॅरेज सोडता येत नाही. मी निघताना यांच्यासमोर बादली ठेवली. "हसा तर हसा, पण माझं एवढं ऐका. रोज सकाळी हे पाणी फेका."

"फेकतो ना गा," हे म्हणाले. गड्यामाणसाला म्हणायचं ‘गा’, ते बायकोला! माझी थट्टा करत हसले. "चिमणी कोरडी ठेवतो तुही. जाय आता, बस सुटन."

लग्नघरात माझं चित्त नव्हतं. रोज सकाळी उठून हात बादली शोधायचा. वहिनी म्हणायची, "काय शोधून राहिल्या, ताई?" मी काय सांगणार?

परत आले. खोलीच्या उंबऱ्यापासूनच फरशी ओली. बादली काठोकाठ भरून वाहत होती, आणि फरशीवर जिथे जिथे पाणी सुकलं होतं तिथे पांढरा खार धरला होता. हे खाटेवर पाय वर घेऊन पेपर वाचत बसले होते.

"मोरी तुंबली वाटते," म्हणाले.

"पाणी फेकलं नाही तुम्ही?"

"इसरलो."

माझ्या डोळ्यांदेखत, सांगते ते खरं सांगते, बादलीतलं पाणी फटींमधून गळायला लागलं. सगळं गेलं. इतके महिने ज्या फटींमधून थेंब गळला नव्हता, त्यातून सगळं वाहून गेलं. मी खाली बसले. रडूही आलं नाही. दुसऱ्या दिवशी बादली कोरडी. त्यानंतर कधीच तिच्यात पाणी आलं नाही.

पावसाळ्यात निताई दारात उभा राहिला. त्याचा भाऊ चांद्याकडच्या बंगाली वस्तीत राहायचा, त्याला भेटायला निघाला होता. वाटेत नागपूर, म्हणून पत्ता विचारत विचारत आला. सोबत सुक्या माशांची पुडी. मी पाणी दिलं. हे गॅरेजातून हात पुसत आले आणि त्याला पाहून दारातच उभे राहिले.

"बोट डूब गया, भाभी," निताई म्हणाला. "बुद्ध पूर्णिमा के टाइम. सुबह देखा तो सिर्फ पाल का डंडी दिख रहा था पानी के ऊपर."

मी म्हटलं, "तुम पानी नहीं निकालते थे?"

तो गोंधळला. माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं. "दादा ने दिवाली में खबर भेजा था ना, भाभी? हमारे गाँव का आदमी इधर से गया, उसके हाथ. बोला, अब हम लोग नहीं आएगा, बोट को छोड़ दो. तब से हम उस पर पाँव नहीं रखा."

मी यांच्याकडे पाहिलं. हे हातातल्या बोळ्याने हात पुसतच राहिले. हात केव्हाचे स्वच्छ झाले होते.

"पर एक बात हमको समझ में नहीं आता," निताई हळू आवाजात म्हणाला. "वो नीचे का तख्ता तो आप जानता है. चार दिन पानी नहीं निकालो तो बोट बैठ जाता. इतना महीना कैसे तैरता रहा? हम किनारे से रोज देखता था, कोई नहीं जाता था. भाभी... पानी कौन निकालता था?"

मी उठले. त्याला जेवायला वाढलं. हेही जेवले.

तो गेल्यावर हे म्हणाले, "तुह्या भल्यासाठीच केलं. म्हातारपणी पाण्यावर कोण पाहणार होतं आपल्याले?"

"मले एकदा विचारलं का?"

"तू नाहीच म्हटलं असतं."

एवढंच बोलणं झालं आमचं त्यावर, सगळ्या जन्मात. संसार केला. वाडीतच केला. भांडलेही नाही. भांडायला माणूस आपला लागतो.

यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटी शेवटी यांचं भान गेलं होतं. मला ओळखायचे नाहीत, भासऱ्यांच्या पोरांना ओळखायचे नाहीत. एका सकाळी मी चहा ठेवत होते तर खाटेवरून आवाज आला, अगदी तरुणपणीचा, वरून खाली हाक मारावी तसा, "किती वं?"

माझ्या तोंडात उत्तर होतं. मी दिलं नाही. स्टोव्हचा पंप मारत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं, मग पुन्हा एकदा... मग झोपले.

बादली आहे अजून माझ्याकडे, आता तिच्या फळ्यांभोवतीची कडी सुटलीत. शिकलेले लोक म्हणतात, हवेतला दमटपणा असेल, छत गळत असेल. वैशाखात? नागपुरात? असेल बाई, तुम्ही म्हणता तर असेल. ते पाणी कुठून यायचं हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि आता कळून करायचंय काय? ते उपसणं कोणी थांबवलं, तेवढं मला माहीत आहे.