तुळशीखालचा पाव

आंबलेल्या ताडीचा वास आला की मला कोर्लईचा पाव आठवतो. मी तेव्हा परकर-पोलक्यातली होते. आमची विधवा आत्या तापाने अंथरुणाला खिळली होती, पेजसुद्धा पोटात ठरेना. दुधात पाव कुस्करून द्या, असं डॉक्टर म्हणाले. आणि विहिरीत पाव पडला नि सगळा गाव बाटला, अशा गोष्टी आम्हाला आत्यानेच सांगितलेल्या! तरी काशीदहून परतताना वडील मला घेऊन कोर्लईत एका किरिस्तांव बाईच्या भट्टीवर थांबले. तिने परातीवरचं फडकं उचललं. ताडी घातलेलं पीठ काठाबाहेर फुगलं होतं, वर बुडबुडे येऊन हलकेच फुटत होते. "हात नको लावू, बाय," ती कुजबुजली, "जागं व्हतंय ते." गाभाऱ्यापुढे उभं राहावं तशी मी उभी राहिले. एका गोळ्यावर सुरीने क्रूस कापून तिने तो भट्टीत सरकवला. खाडी ओलांडताना तो गरम पाव माझ्या मांडीवर होता, नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखा ऊबदार. घरी आईने तो ओटीवरच ठेवला. आत्याने मात्र मागून घेतला. त्या खुणेवरून बोट फिरवत तिने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "त्यांच्या देवाची खूण आहे." आत्याने पाव दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "देवाचं नाव घेऊन केलाय तर. तुळशीचं पान आण." ते पान तिने बरोबर क्रूसावर ठेवलं, हात जोडले आणि पहिला घास घेतला. त्यानंतर मी पुष्कळ देवळं पाहिली, पण अंगावर तसा काटा पुन्हा कुठे आला नाही.