वीज गेली तरी फाइल जात राहिली

रस्त्यातलं उतरवलेलं लिंबू पायानं उडवणारा माणूस मी. अशा गोष्टी सांगणाऱ्यांची भरपूर चेष्टा केलीय. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय... पण घडलं ते घडलं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. बारामतीत एसटी स्टँडच्या मागे माझा कॉम्प्युटर क्लास होता. भवानीनगरला दिलेल्या माझ्या बहिणीला मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी बाळाला श्वास घेता येईना. एक्स-रे बघून इथल्या डॉक्टरांना शंका — छातीत हवा साठलीय, की फुप्फुसातच दोष आहे? पुण्याला हलवावं, तर बाळ वाटेत टिकेल का?

माझा मित्र मिलिंद पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात होता. त्याला फोन केला. भरदुपारी दाजी एक्स-रे घेऊन धावत क्लासवर आले. मी तो स्कॅन केला आणि मोडेमवरून थेट मिलिंदच्या मोडेमला फोन लावला.

"येवढा फोटू तारंतनं जातो व्हय?" दाजींनी विचारलं.

"तुकडे करून जातो, दाजी. एक तुकडा नीट पोचला की तिकडून होकार येतो, मग पुढचा."

निम्मीसुद्धा फाइल गेली नव्हती, आणि लाइट गेली. कॉम्प्युटर बंद. मोडेमचे दिवे बंद. यूपीएस नव्हताच.

मिलिंदला कळवायला रिसीव्हर उचलला... डायल टोन नव्हता. फाइल जाताना येतो तो मोडेमचा किर्रर्र आवाज चालूच होता!

"काय झालं? बोला की!"

मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. दाजी ऐकत राहिले.

"हे... जातंय न्हवं अजून?" ते कुजबुजले.

आम्ही दोघंही जागचे हललो नाही. बऱ्याच वेळानं आवाज थांबला. रिसीव्हर ठेवला, तोच फोन वाजला. मिलिंद!

"पूर्ण आली रे. आत्ताच. डॉक्टर बघतायत."

मग डॉक्टर स्वतः बोलले, "हवाच आहे. बाळाला हलवू नका, तिथंच नळी घालून काढता येईल. तुमच्या डॉक्टरांचा नंबर द्या."

इथल्या डॉक्टरांनी नळी घातली आणि संध्याकाळी बाळ गुलाबी दिसायला लागलं. दाजी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले.

पुढे मिलिंदकडची फाइल माझ्या फाइलशी ताडून पाहिली. कुठंही फरक नाही. टेलिफोनवाल्यांना विचारलं, इंजिनिअरांना विचारलं. बंद मशिनमधून डेटा जात नाही, एवढंच सगळे सांगतात. ते मलाही माहीत आहे!

भाची आज स्वतः लेकुरवाळी आहे. मला अजून उत्तर मिळालेलं नाही. दाजींनी ते कधी मागितलंही नाही. फक्त फोन उचलला की 'हॅलो' म्हणण्याआधी ते क्षणभर गप्प राहतात... आणि ऐकतात.