परकारभाईंचं स्वीडन

परकारभाईंना स्वीडनबद्दल काहीही विचारा, फक्त आठ-नऊशे वर्षांपूर्वीचं विचारा. आजच्या स्वीडनशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. कंपनीतून निवृत्त झालेल्या एका स्वीडिश इंजिनिअरनं जाताना इतिहासाचं जाडजूड पुस्तक त्यांच्या गळ्यात मारलं, आणि तेव्हापासून जेद्दाहच्या आमच्या स्पेअर पार्ट्सच्या गोदामात जेवणाच्या सुट्टीत तेच वाढलं जायचं. भाई रत्नागिरीचे, गोदामाचे प्रमुख. एसी जरा वाढवला की कानाला मफलर गुंडाळणारा हा माणूस बर्फातल्या शेतकऱ्यांवर तासभर बोलायचा.

"जोशी, ऐक. उत्तरेला स्वेआर लोक, दक्षिणेला योतार लोक. एकमेकांचं तोंड बघायची तयारी नाय. त्यांचं एक राज्य झालं ते काय नुसत्या तलवारीनं? राजा निवडला तरी त्याला मुलखामुलखातून फिरायला लागायचं. शेतकऱ्यांच्या सभेत शपथ घ्यायची, मग ते हो म्हणणार. आणि वाटेत त्याच मुलखातली माणसं ओलीस घ्यायची, राजाच्या जिवाची हमी म्हणून. एक शहाणा राजा ओलीस न घेता गेला. लोकांना अपमान वाटला. खलास!"

"भाई, डाळ गार होतेय," मी म्हणायचो.

मग सौदीकरणाचा, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी नेमण्याचा, जोर वाढला. जेद्दाह आणि रियाधची गोदामं एक करून त्यांवर फहद नावाचा तरुण सौदी मॅनेजर बसवला. पोरगा सभ्य होता, पण स्वतःच्याच खुर्चीला बिचकायचा. रियाधच्या गोदामाचे प्रमुख तांबे पुण्याचे. 'हा आमची माणसं कापायला येतोय,' असं जाहीर करून त्यांनी जेद्दाहचे फोन उचलणंच बंद केलं. फहदनं भाईंचा सल्ला विचारला. अहो, कोणीतरी आपण होऊन विचारलं होतं! भाईंचा चेहरा असा उजळला की मला धडकीच भरली.

"तू स्वतः रियाधला जा," त्यांनी फहदला सांगितलं. "सगळ्यांसमोर शब्द दे, तिथल्या एकाही माणसाला हात लावणार नाही म्हणून."

राहिला ओलिसांचा प्रश्न. तांबे स्टेपलरसुद्धा उसना देत नसत, माणूस कुठून देणार? तेव्हा भाईंनी ठरवलं की फहदच्या शब्दाची हमी म्हणून आपणच ओलीस होऊन रियाधला जाऊन बसायचं.

"भाई, हे पुस्तकात आहे का?" मी ओरडलो.

"नाय. थोडी दुरुस्ती केलीय."

आणि गंमत म्हणजे ते जमलं. फहदनं शब्द दिला, तांब्यांनी चहा दिला, फोन उचलले जाऊ लागले. भाई तांब्यांशेजारी टेबल टाकून बसले. तिथून मला फोन करायचे, "योतार वाईट नायत रे. चहात साखर तेवढी कमी घालतात."

काही महिन्यांनी वरून हुकूम आला की गोदामप्रमुखांच्या दोन जागांपैकी एक सौदी माणसाला द्यायची. तांब्यांना हात लावता येईना, फहदनं शब्द दिलेला. उरले भाई. जेद्दाहची त्यांची खुर्ची इतके दिवस रिकामी होती आणि काम काही अडलं नव्हतं, हेही वरच्यांनी हेरलं. मला हे सांगताना फहदचे डोळे भरून आले होते, पण निर्णय बदलणं त्याच्या हातात नव्हतं.

मी रियाधला फोन लावला. माझं डोकं फिरलं होतं. "भाई, तुमच्या जिवावर त्यानं शब्द दिला! आणि तुमच्या लेकीचं, शबानाचं, मेडिकलचं शेवटचं वर्ष, त्याचं काय?"

भाई म्हणाले, "शब्द मोडला असता तर मी त्याला सोडला नसता. पाळला ना? मग झालं."

ते जेद्दाहहून कायमचे गावी निघाले त्या दिवशी तांबे आपली माणसं घेऊन गाडीनं जेद्दाहला आले. भाईंच्या खोलीत रियाधवाले खोकी धरत होते, आमचे चिकटपट्टी लावत होते आणि दोघं मिळून तांब्यांच्या सूचनांना हसत होते. भाई दारात उभे राहून बघत होते.

"बघ जोशी," ते म्हणाले, "झाले की नाय एक?"

"झाले भाई," मी म्हणालो. "आता तेवढे तुम्हीच त्यात नाही."

एरवी माझ्या प्रत्येक वाक्याला त्यांच्याकडे एखादा राजा तयार असायचा. त्या दिवशी त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.