पलीकडच्या तीराची सनद

कोरिनबद्दल तुला नेमकं काय ठाऊक होतं, असं कुणी विचारलं असतं तर डेलबर्ट ह्यूसमन गडबडला असता. तो कोर्टाच्या दारात तपासणीला बसायचा. सकाळी तिची बॅग यंत्रातून सरकताना जेवढी दिसे, तेवढीच ती त्याला माहीत. तिचं घर त्याने कधी पाहिलं नाही. ती एकटी राहते की कुणाबरोबर, हेही त्याला सांगता आलं नसतं.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे खटले कोरिन व्होगल्सँग सरकारी पगारावर लढवायची. गाव मिझुरीतलं, नदीचा पूल ओलांडला की कॅन्सस राज्य लागतं आणि तिच्या वडिलांचं गावही. दाराजवळच्या खिडकीतून तिथली पाण्याची टाकी दिसायची. बॅग हाती येईपर्यंत ती तिकडे बघत उभी राही. वडिलांकडे जेवून आली की डब्यात चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, असायची आणि दालचिनीचा गोड रोल. पलीकडची माणसं हे दोन्ही एकत्र खातात, यावरून डेलबर्ट तिला चिडवायचा. ‘तुमचं राज्य जेवणात तरी नापास आहे, वकीलबाई,’ म्हणायचा.

तिचे वडील लेलंड पलीकडे जन्मभर वकिली करत होते. तिथल्या कोर्टात एक रीत होती. नव्या वकिलाचा पहिला दिवस असला की जुना वकील त्याला न्यायाधीशांपुढे घेऊन जातो आणि याला आपल्यात घ्या म्हणतो. लेलंडना मुलीसाठी एकदा तसं उभं राहायचं होतं. तिला तर ते त्यांच्याहून जास्त हवं होतं. त्यात अवघडही काही नव्हतं. दोन्ही राज्यांची परीक्षा एकच; इथले गुण तिकडे पाठवले की सनद मिळते. फक्त ते गुण तीन वर्षांच्या आतले हवेत. पण दर वेळी कुणाचा तरी खटला अर्ध्यावर असायचा, आणि अशिलाला मध्येच सोडून जाणं तिला जमत नसे.

एका ऑगस्टमध्ये बॅग यंत्रातून बाहेर आली तरी तिने उचलली नाही.

“माझे गुण शिळे झाले, डेलबर्ट,” ती म्हणाली. “मी वकिलीची शपथ घेतल्या दिवसापासून मोजत होते. ते परीक्षेपासून मोजतात.”

शपथविधी परीक्षेनंतर दोन-अडीच महिन्यांनी होतो. नेमके तेवढेच दिवस तिने जास्तीचे धरले होते.

“मग आता?”

“इथेच आणखी दोन वर्षं काढली तर अनुभवावर घेतात. नाहीतर सगळी परीक्षा पुन्हा.”

“बाबांना सांगितलंत?”

“ते म्हणाले, मी थांबतो की. जसं काही दुकानाबाहेर उभं राहायचंय.”

लेलंडचं हृदय थकलं होतं. दोन वर्षं त्यांच्याजवळ नाहीत हे तिला कळत होतं. मग तिच्या बॅगेत अभ्यासाची कार्डं दिसू लागली. डेलबर्ट त्यातलं एखादं उचलून, हे हत्यार आत नेता यायचं नाही, म्हणायचा. ती हसायची, पण हसता हसता नजर खिडकीकडे जायची. फेब्रुवारीत, रस्त्यावर बर्फ असताना, तिने कॅन्ससच्या राजधानीत, टोपेकाला जाऊन परीक्षा दिली.

निकालाच्या आधी, मार्चमध्ये, लेलंड गेले. डेलबर्टने पेपरात वाचलं. काय बोलायचं ते त्याने घरी ठरवलं होतं. पण ती समोर आली तेव्हा त्याने तिची बॅग यंत्रात घातलीच नाही; दोन्ही हातांनी उचलून पलीकडे दिली. तिने मान हलवली आणि ती आत गेली.

ती पास झाली. मे महिन्यात तिचा इथला शेवटचा दिवस होता. संध्याकाळी ती खोकं घेऊन दारात आली. खोक्यात वडिलांच्या नावाची पितळी पाटी वरच ठेवलेली होती.

“तिकडे तुम्हाला कोण उभं करणार?” डेलबर्टने विचारलं.

“न्यायाधीशबाई म्हणाल्या, कुणीही वकील चालेल.”

त्याने टेबलाखालची आपली छत्री काढली.

“ही न्या. पलीकडे पाऊस पडतोय.”

“हो,” ती म्हणाली, “दिसतोय इथून.”