चार शॅकल

जहाजावरच्या खलाशांचा मुकादम म्हणजे सारंग. या सारंगाने एकतीस वर्षं नांगराची साखळी मोजली. पंधरा वावांचा, म्हणजे नव्वद फुटांचा, साखळीचा एक तुकडा म्हणजे शॅकल, प्रत्येकाच्या टोकाला पांढरा रंग. साखळी कितीही धडधडत सुटो, त्याचा आकडा कधी चुकला नाही. नवख्यांच्या डोक्यात तो एकच गोष्ट भरवायचा. नुसत्या नांगराच्या वजनावर जहाज थांबत नाही. साखळी लांब सोडली की तिचा बराचसा भाग तळावर पडून राहतो, ओढ आडवी बसते आणि नांगर आणखी रुततो. आखूड सोडली की ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर उपटून निघतो. ज्यांना हे शिकवलं त्यांतला एक भलताच हुशार निघाला. सारंगाने त्याला आपली मुलगी दिली. पुढे तो त्याच जहाजाचा कप्तान झाला आणि सासऱ्याला हुकूम सोडू लागला.

त्या दुपारी पाणी वीस वाव खोल होतं आणि वारा चढत होता. सात शॅकल तरी सोडू या, असं सारंगाने सांगून पाहिलं. जावईबापूंना तासाभरात धक्क्यावर जागा मिळणार होती. एवढी साखळी परत ओढत कोण बसणार? चारावर थांबवा, म्हणाले. जागा काही मिळाली नाही. संध्याकाळच्या आत नांगर फरफटला आणि जहाज मागच्या अंगाने बंदराच्या बांधावर आपटलं.

चौकशीच्या खोलीत एकच पंखा होता आणि तो साहेबांकडे तोंड करून ठेवलेला. साहेबांनी नोंदवही पुढे सरकवली. तिच्यात सात लिहिलं होतं, जावयाच्या अक्षरात.

"कप्तान म्हणतात, त्यांनी सात सांगितले, तुम्ही चारच सोडले. खरं का?"

सारंगाने जावयाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मेल्याने आधी घरी येऊन एका शब्दाने विचारलं असतं, तरी एवढं लागलं नसतं. खरं सांगावं तर याचा परवाना जाणार आणि मुलीचा संसार उघड्यावर पडणार. संताप गिळून सारंग "खरं" म्हणाला. त्याच आठवड्यात त्याला कामावरून काढलं.

रविवारी दोघं भेटायला आली. मुलीला नवऱ्याने सांगितलं होतं तेवढंच ठाऊक. बापापुढे चहा ठेवत ती म्हणाली, "बाबा, मोजणं जमत नव्हतं तर आधीच थांबायचं होतं ना. तुमच्यापायी यांची नोकरी जायची वेळ आली होती."

जावई कपातली साखर ढवळत राहिला.

"चुकलं गं," सारंग म्हणाला.